चवीच्या वहीतल्या सह्या

गावाचं नाव मी सांगणार न्हाई. वाटूर फाट्यावरून आत किती किलोमीटर, कोणत्या अंगाला, शाळेसमोर कोणतं झाड, काही म्हणजे काही सांगणार न्हाई. कल्याण नावाच्या एका शहाण्यानं नाव झाकून बाकी सगळं लिहिलं, अन् त्यानं काय घोळ झाला ते मी या डोळ्यांनी पाह्यलंय. माणसांची नावं बदललीत. माझंबी बदललंय, मला महजबीन म्हणा. जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेची मी प्रभारी मुख्याध्यापिका होते. प्रभारी म्हणजे काम मुख्याध्यापकाचं अन् पगार शिक्षिकेचा.

सांगायचंय ते सत्यशीलाबाईचं. आमच्या शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवायला दोन बाया, त्यातली ही एक. पन्नाशीच्या आतबाहेर, उंचीला कमी अन् आवाजाला दुप्पट. माहेर केदारखेड्याकडचं. नववी झाली अन् लग्न लावून दिलं. नवरा राजानंद नवीन जालन्यात बियाण्याच्या गोदामात पोती उचलतो, शनिवारी घरी येतो, सोमवारी सकाळच्या गाडीनं परत. दोन पोरी, दोघी नांदायला गेल्या. हिनं सगळी उमर लोकांच्या रानात कापूस वेचण्यात घातली. शाळेत लागली तेव्हा नवी साडी नेसून आल्ती अन् पेढ्याचा पुडा आणल्ता. पुडा चतुराबाईपुढं धरला तर ती म्हणाली, "मला गोड चालत न्हाई बाई." चतुराबाई म्हणजे दुसरी स्वयंपाकीण, गावच्या मोठ्या भावकीतली. ती चहात तीन चमचे साखर घेती.

सत्यशीलाबाई बौद्ध. तेवढंच कारण, दुसरं काही शोधू नका. कुणी तिला शिवी दिली न्हाई, कुणी हाकललं न्हाई. काम फक्त वाटून दिलं. तांदूळ निवडायचे, खोली झाडायची, जेवणं झाली की भांडी घासायची. चूल पेटली की हिनं खोलीबाहेर. घासलेली भांडी चतुराबाई परत एकदा विसळायची अन् म्हणायची, "साबण राह्यतो गं." सहा वर्षं रोज साबण राह्यत होता.

चतुराबाई लग्नाला नाहीतर माहेरी गेली की नाइलाजानं सत्यशीलाबाई शिजवायची. अन् त्या दिवशी शाळेतली निम्मी पोरं उपाशी! पहिलीतली चिमुरडी बुधवारी येऊन सांगायची, "मॅडम, माझा आज सोमवार हाय." सहा वर्षांच्या लेकराला उपवास कशाचा? घरून शिकवून पाठवलेलं. मी एकदा एकाला चिडून म्हटलं, "सोमवार हाय तर मंग खिशातले शेंगदाणे काढ इकडं." पोरगं रडायला लागलं. चूक त्याची न्हवतीच.

आता वहीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच आलं. खिचडी पोरांना वाढायच्या आधी एका पालकानं अन् एका शिक्षकानं चाखायची अन् वहीत तारीख टाकून सही करायची, असा नियम आहे. चव रजिस्टर म्हणतात. दुसरे गुरुजी कायम मीटिंगला, म्हणून वही माझ्याकडं. पालक रोज कोण येतंय? महिना संपला की मी बसायची, निळा पेन घ्यायची अन् सगळ्या सह्या आपणच ठोकायची. 'चव चांगली.' 'चव चांगली.' सत्यशीलाबाईनं शिजवलेल्या दिवशीबी 'चव चांगली'. कितीक शाळांत असंच चालतं, असं मी मनाला सांगायची.

मागच्या साली कल्याण आला. जालन्याच्या एका संस्थेत कामाला, वय तीसच्या आत, गळ्यात झोळी. सत्यशीलाबाईच्या अंगणात बसून त्यानं तिची जबानी लिहून घेतली. शाळा सुटल्ती, मीबी तिथंच होते.

"मावशी, १९६५ सालचा जगाचा करार आहे," तो सांगायला लागला. "वांशिक भेदभावाविरुद्धचा. आपल्या देशानं तो मान्य केलाय. वंश, रंग, कूळ यावरून माणसाला खाली दाबायचं न्हाई, अन् दाबलं तर सरकारनं दाद द्यायची. तो पाळला जातो का हे बघायला जिनिव्हात समिती बसती. सरकार आपला अहवाल देतं, आपण आपला देणार."

"त्यात खिचडी बसती का?" सत्यशीलाबाईनं विचारलं.

कल्याण अडखळला. "समिती म्हणती, जन्मानं चिकटलेली जात कुळात येती. आपलं सरकार म्हणतं, जात म्हणजे वंश न्हाई, त्याला आमचे कायदे आहेत. त्यावरून किती वर्षं वाद चालू आहे."

"चालू द्या. त्याह्यचं ठरंस्तोवर पोरं उपाशी घरी जात्यात, एवढं लिवा." मंग पदर सावरून म्हणाली, "पर खरं तेवढंच लिवा. वाढवून न्हाई अन् कमी करून न्हाई. माझ्या तोंडातून एक शबूद खोटा गेला तर सगळंच खोटं धरतील."

तासभर ती बोलली. शेवटी कल्याणनं विचारलं, "कुणीच खात न्हाई का तुमच्या हातचं?" तर माझ्याकडं बघून हसली. "कसं न्हाई? मॅडम खात्यात की. मी शिजवते त्या दिवशी वाटी भरून हापिसात नेऊन ठिवते. वाटी चाटूनपुसून रिकामी येती." कल्याणनं तेबी लिहून घेतलं. मी चपलेतला खडा काढायला खाली वाकले.

दोन महिन्यांनी अहवाल गेला अन् जालन्याच्या एका पेपरात बातमी आली. 'वाटूरजवळच्या शाळेची खिचडी जिनिव्हात.' आत लिहिलेलं, दोन शिक्षकी शाळा, दोन स्वयंपाकिणी, त्यातली एक दलित, सहा वर्षांपासून कामाला, नवरा जालन्यात गोदामात. नाव मात्र कुठंच न्हाई! मी कल्याणला फोन लावला अन् असं झापलं की विचारू नका. "अरे गाढवा, नाव झाकलंस अन् माणूस उघडा ठिवलास! गावात बायका किती अन् गोदामात नवरे किती?" तो नुसता "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम" करत राह्यला. शहरात नाव काढलं की माणूस लपतो. गावात नावाची गरजच लागत न्हाई, हे त्या पोराला कुणी सांगितलंच न्हवतं.

बातमीच्या तळाला एक ओळ होती. 'शिक्षिका मात्र तिच्या हातचे अन्न आवडीने खातात.' ती वाचून मी पेपर घडी करून पर्सच्या तळाशी कोंबला.

कारण मी ती वाटी एकदाबी खाल्ली न्हवती. सहा वर्षांत एकदासुद्धा न्हाई. पहिल्या दिवशी घरचा डबा होता म्हणून राह्यली. दुसऱ्यांदा सरपंच ऑफिसात बसले होते, त्यांच्यासमोर कशाला, म्हणून राह्यली. मंग सवयच लागली. शाळेमागं एक कुत्री यायची, तिच्यापुढं ओतायची, नळावर वाटी धुवायची अन् परत द्यायची. या गावात मला भाड्यानं खोली मिळाली न्हाई. मी आडनाव सांगितलं की खोली रिकामी नसायची. म्हणून रोज जालन्याहून ये-जा. आधीच मी परकी, त्यात 'मॅडम तिकडचंबी खाती' असं व्हायला नको, ही भीती होती. पण सगळा दोष भीतीवर ढकलू कशी? आमच्या घरी झाडायला येणाऱ्या बाईचा कप वेगळा होता, खिडकीत ठेवलेला. मी लहानपणापासून तो पाहत आले अन् कधी अम्मीला विचारलं न्हाई.

असो. बातमीच्या दुसऱ्या दिवशी सरपंच शाळेत आले. सर्जेराव आबा. गोड बोलणारा माणूस, अन् म्हणूनच मला त्याची धास्ती. खिशातून टाईप केलेला कागद काढला. 'सदर मजकूर मी सांगितलेला नाही, माझ्या तोंडी घातला आहे.' खाली सत्यशीलाबाईच्या सहीची जागा.

"सही कर बाई अन् मोकळी हो," आबा म्हणाले. "गुरुवारी वरून चौकशी येऊन राह्यली. गावाचं नाव खराब झालंय."

"वाचून सांगते, आबा," तिनं कागद घडी करून कमरेला खोचला.

"वाचायला काय, चार ओळी हायेत. अन् हे बघ, सही केली न्हाई तरी आमचं काही अडत न्हाई. गुरुवारी तूच शिजव. सगळा गाव जेवंल, मी पैला बसंल. साहेब डोळ्यांनी बघतील. मंग खोटारडं कोण ठरतंय? खोटी तक्रार करणाऱ्या बाईला शाळेत कोण ठिवील, अन् गावात तरी..." पुढचं बोलले न्हाईत, नुसते हसले.

ते गेल्यावर माझी पाचावर धारण बसली. तिनं शिजवायला नकार दिला तर 'कामचुकार' म्हणून घरी. शिजवलं अन् गाव जेवलं तर 'खोटारडी' म्हणून घरी. मी म्हटलं, "सत्यशीलाबाई, त्या दिवशी आजारी पडा. मी सांभाळून घेते."

"सहा वर्षं कुणी शिजवू देत न्हवतं, अन् आता देऊन राह्यले तर आजारी पडू?" ती माझ्यावर खेकसली. "करीन. चांगली करीन. मला खोटारडी म्हणून जायचं न्हाई मॅडम. नोकरी गेली तर कापूस हाय. खोटारडी म्हणून गेले तर राजानंद शनिवारी कोणत्या तोंडानं गावात येईल?" अन् तांदूळ निवडायला बसली. तांदूळ सुपाबाहेर पडत होते.

गुरुवार उजाडला. अकरा वाजता जीप आली. चौकशीचे साहेब उतरले, घाम पुसत, दमलेले, हातात फाईल. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकलेल्या. आबांनी घरोघर निरोप दिल्ता. भावकीतली अकरा माणसं पांढरे कपडे घालून पंगतीला बसलेली. पोरं रांगेत. एकानंबी उपवास सांगितला न्हाई. फक्त दुसरीतल्या एकानं सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, आज सत्यशीलामावशीनं केलंय ना? मंग आज सोमवार न्हाई का?" त्याच्या बापानं मागून त्याच्या पाठीत धपाटा घातला. साहेब फाईल बघत होते, का बघायचं सोंग करत होते, अल्ला जाणे.

सत्यशीलाबाईनं वाढलं. तीच सहा वर्षांमागची साडी नेसलेली. आबांनी पहिला घास घेतला. चावला किती अन् गिळला किती मला ठाऊक न्हाई, पण घेतला. एकजण घासामागं पाणी पीत होता, औषधाची गोळी घ्यावी तसा. चतुराबाई पदर तोंडाला लावून बसल्ती अन् ताटात बोटं फिरवत होती. एवढी माणसं जेवतायत अन् भांड्याचासुद्धा आवाज न्हाई, अशी पंगत मी जन्मात पाह्यली न्हवती.

जेवणं झाली. अकरा जणांनी चव रजिस्टरात स्वतःच्या हातानं सह्या केल्या. आबा हात पुसत म्हणाले, "बघा साहेब. कुठाय भेदभाव? उगं गावाला बट्टा लावला."

"दिसतंय," साहेब म्हणाले अन् पेनचं टोपण काढलं. ते लिहिणार, जीप जाणार, अन् उद्या ती घरी.

तेवढ्यात सत्यशीलाबाई पुढं झाली. हात पदराला पुसले, वही उचलली अन् कोरं पान उघडलं. वर शुक्रवारची तारीख तिनं आधीच लिहून ठेवल्ती, नववीतल्या पोरीच्या गोल अक्षरात.

"साहेब, उद्याबी मी करते. ह्या अकरा जणांनी उद्याच्या पानावर सह्या कराव्या. उद्या येतो, जेवतो म्हणून. मंग लिवा खुशाल, सत्यशीला खोटारडी हाय."

ती एकेकापुढं वही घेऊन गेली. पहिल्यानं चष्मा शोधला. दुसऱ्याला फोन आला, जो वाजलाच न्हवता. तिसरा उठून चुळा भरायला गेला. आबांपुढं वही आली तेव्हा त्यांचं हसू गेलं. "उद्याची सही आज करत्यात का? येडी का खुळी तू?"

"बाई, नियमात बसत नाही," साहेब म्हणाले. "चव घेतल्यावर सही असते."

"बराबर बोलले साहेब!" ती गर्रकन वळली. "मंग मागची पानं बघा. चतुराबाई नसताना मी शिजवलं ते दिवस बघा. सह्या हायेत. चव कुणी घेतली, इचारा. मॅडमला इचारा. मॅडम खोटं बोलायच्या न्हाईत."

साहेबांनी पानं मागं उलटली. आजच्या अकरा सह्या अकरा तऱ्हेच्या होत्या. मागच्या सगळ्या एका पेनाच्या, एका वळणाच्या. त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "मॅडम, या पालकांच्या सह्या?"

मी आबांकडं पाह्यलं. पण ती माझ्याकडं बघत होती. "मी केल्यात, साहेब," मी म्हटलं. "त्या दिवशी कुणी पालक आलाच न्हाई. निम्मी पोरंबी जेवली न्हाईत."

सतरंजीवर कुजबूज झाली. आबा मात्र चपळ. लगेच म्हणाले, "पालकांचं सोडा, त्याह्यला कामं असत्यात. पर मॅडम तर खात होत्या ना? पेपरातच आलंय. मॅडमची सही हाय, मॅडमनं खाल्लंय. शाळेत भेदभाव न्हाई, झालं की मंग!"

"ते खरं," साहेबांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. "शिक्षिका नियमित खात असतील तर शाळेपुरतं आपल्याला म्हणता येईल. मॅडम, तुम्ही खात होतात ना?"

या अल्ला! हो म्हटलं तर माझी इज्जत शाबूत, साहेबांची फाईल बंद, आबा खूश. फक्त सत्यशीलाबाईची जबानी पाण्यात. अन् न्हाई म्हटलं तर ती ऐकणार. कुत्रीचं कुणालाच ठाऊक न्हवतं. ती माझ्याकडं बघून मान हलवत होती, सांगा की मॅडम, सांगा.

"न्हाई साहेब," मी म्हटलं. परत मोठ्यानं म्हटलं, "न्हाई. मी एकदाबी खाल्लं न्हाई. माझ्या सह्यासुद्धा खोट्या आहेत. तिनं सांगितलं ते सगळं खरं आहे."

साहेबांनी फाईलमधून नवा कागद काढला. मंग बसून लिहिलं, माझं लिहून घेतलं, शुक्रवारच्या कोऱ्या पानाचा फाईलला जोडायला मोबाईलवर फोटो काढून घेतला, अन् जाताना आदेश दिला की एक आठवडा चतुराबाई, एक आठवडा सत्यशीलाबाई. मला पुढं नोटीस आली, वेतनवाढ थांबली, दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. आदेश पाळला गेला का? सत्यशीलाबाईची नोकरी राह्यली एवढं मला ठाऊक आहे. तिच्या आठवड्यात भावकीतली पाच पोरं जेवतात म्हणे, बाकीच्यांचा सोमवार चालूच आहे.

पण त्या दिवशीचं सांगायचं राह्यलं. पटांगण रिकामं झालं. ती नळावर मोठं पातेलं घासत बसल्ती. मी जाऊन शेजारी उभी राह्यली. "सत्यशीलाबाई, माफ करा," एवढं म्हणायला मला दहा मिनिटं लागली.

ती घासत राह्यली. "वाटी कुणाला घालत व्हत्या?"

"कुत्रीला."

"अन् धुऊन देत व्हत्या."

"हो."

"मी ती वाटी राजानंदला दाखवायची," ती म्हणाली. "शनिवारी आला की. म्हणायची, बघा, मॅडमनं काही ठिवलं न्हाई."

मला रडू आवरेना. तिला आलं न्हाई. तिनं पातेलं उपडं घातलं, हात धुतले, कमरेला खोचलेला आबांचा कागद काढला अन् टराटरा फाडून चुलीच्या राखेत टाकला. मंग माझ्याकडं वळली.

"कल्याणला आत्ता फोन लावा. म्हणावं, त्या जिनिव्हाच्या कागदातली एक ओळ काढून टाक. 'मॅडम खात्यात' ती. माझ्या जबानीत तेवढीच एक खोटी निघाली."

मी तिच्यासमोर उभं राहून फोन लावला. तो विचारत होता, "कोणती ओळ मॅडम, नीट सांगा," अन् ती ओळ मला तिच्यादेखत मोठ्यानं म्हणून दाखवावी लागली.